एका 'पुळक्या'साठी उघडलेले कोश

"साहेब, वडलांना धाकल्याचा लई पुळका. आमी काय परके हुतो?"

साताऱ्यातल्या एका वाटपाच्या दाव्यात थोरल्या मुलाने दिलेल्या साक्षीतलं हे वाक्य. दावा अपिलात मुंबईला गेला आणि सगळे कागद इंग्रजीत करायला माझ्याकडे आले. मी बावीस वर्षं हेच काम करते: खरेदीखतं, मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं, जबान्या. दिवसाला पंधरा-वीस पानं होतात. या वाक्याला मी अर्धं मिनिटही दिलं नाही. 'पुळका'च्या जागी 'लव्ह' लिहिलं आणि पुढे गेले.

दोन दिवसांनी थोरल्याच्या वकिलांचा फोन आला. "बाई, बारावं पान परत बघा. माझ्या अशिलाची सगळी तक्रार त्या एका शब्दावर उभी आहे आणि तुमच्या भाषांतरात तो स्वतःच वडलांच्या प्रेमाची कबुली देतोय."

त्यांचं खरं होतं. वडलांनी धाकट्याच्या नावाने केलेल्या बक्षीसपत्रात "नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी" हे नेहमीचे शब्द होतेच. ही शब्दयोजना आपल्या दस्तलेखकांच्या हाडीमांसी खिळलेली आहे. 1872 च्या करार कायद्याच्या 25 व्या कलमातही जवळच्या नात्यातलं नैसर्गिक प्रेम आहे. म्हणजे कायद्याच्या कागदावर प्रेम हे देण्याचं सबळ कारण ठरतं. थोरला म्हणत होता ते नेमकं उलट: हे प्रेम नव्हे, हा पुळका. आणि मी दोन्हीकडे एकच इंग्रजी शब्द टाकून त्याच्या तोंडचा घास काढून घेतला होता.

त्या रात्री मी कपाटातले कोश खाली काढले. पुढचा अभिप्राय त्या कोशांबद्दल आहे. कुठला घ्यावा, कुठल्याकडून काय मिळतं, हे मला अनेकजण विचारतात. एका शब्दाच्या निमित्ताने सांगितलं तर नीट सांगता येईल असं वाटलं.

आधी हाताशी होता तो मोबाइल. एका ॲपमध्ये शब्द घातला तर त्याने पुटकुळी असा अर्थ दाखवला. पुळी आणि पुळका यांची गल्लत झाली असणार. मी त्याचं नाव घेत नाही, कारण असली सगळीच ॲपं थोड्याफार फरकाने अशीच निघतात. शब्दाखाली ना मूळ, ना वापर, ना तो शब्द कुठे सापडला याचा पत्ता. घाईत असताना अशा ॲपवर विसंबू नये एवढंच सांगते.

मग मोल्सवर्थ. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा 1831 मध्ये निघाला आणि 1857 मध्ये त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे बंधू या कामात त्यांच्याबरोबर होते. माझ्याकडे दुसऱ्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण आहे. दोन रकान्यांत बारीक टाईप, आणि दिव्याखाली धरल्याशिवाय जोडाक्षरं कळत नाहीत. पण या माणसाचा कान विलक्षण होता. शब्दापुढे कंसात तो संस्कृतातून आला की फारसीतून, अरबीतून की हिंदुस्तानीतून याची खूण असते. नामापुढे कोणतं क्रियापद बसतं तेही ते सांगतात. परक्या माणसाला 'राग करणे' आणि 'राग येणे' यांतला फरक कळावा म्हणून त्यांनी ही सोय केली. आज भाषांतर करणाऱ्या मराठी माणसाला तीच सर्वांत जास्त उपयोगी पडते.

'पुळका' हा शब्द 'येणे' या क्रियापदाबरोबर जातो. लाड आपण करतो, माया आपण लावतो, लळा लागतो, जीव जडतो. पुळका मात्र येतो, ताप येतो तसा किंवा भरती येते तसा. माणूस तो ठरवून आणत नाही. 'लव्ह' लिहिताना माझ्या हातून निसटलं ते आधी हेच. वडलांनी धाकट्यावर प्रेम केलं असं थोरला म्हणाला नव्हता. वडलांवर काहीतरी चालून आलं आणि त्यात ते वाहवले, असं तो म्हणाला होता.

मोल्सवर्थची मर्यादा त्याच्या काळातच आहे. 1857 नंतरची मराठी त्यात असणार नाही, आणि साताऱ्याच्या साक्षीदाराच्या तोंडचा आजचा ठसका तर नाहीच. पण शब्दाचा पाया बघायचा असेल तर पहिला हात मी अजून तिथेच घालते.

खरा ठेवा आहे तो दाते-कर्व्यांचा. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी संपादकमंडळासह केलेला 'महाराष्ट्र शब्दकोश' 1932 पासून खंडाखंडाने निघत गेला. सात खंड झाले आणि 1950 मध्ये पुरवणी आली. माझ्याकडे जुन्या प्रती आहेत, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात तीन फेऱ्यांत जमवलेल्या. कागद पिवळा पडून काठ ठिसूळ झालेत, पान उलटताना तळहात खाली धरावा लागतो. 'प'च्या खंडाला मी जाड खाकी कागदाचं वेष्टण घातलं आहे, कारण सगळ्यांत जास्त तोच उघडतो. मराठीत 'प'वरून सुरू होणारे शब्द किती आहेत हे तो खंड उचलल्यावर मनगटाला कळतं.

या कोशात अर्थ मराठीतूनच दिलेले आहेत, आणि हा फरक मोठा आहे. कळवळा, उमाळा, ममता, भर असे शेजारचे शब्द एकमेकांना घासून अर्थ ठरवतात. इंग्रजीत अर्थ वाचताना आपण त्या भाषेच्या खाचेत घसरतो. इथे आपण मराठीच्या अंगणातच फिरत राहतो. शिवाय ज्ञानेश्वरी, तुकारामाची गाथा, बखरी अशा ठिकठिकाणची वचनं संक्षेपाने दिलेली असतात, कोकणी, वऱ्हाडी, गोमंतकी, कुडाळी अशा प्रांतांच्या खुणा असतात आणि चौकोनी कंसात मूळ असतं. संक्षेपांची यादी पहिल्या खंडात आहे. ज्याच्याकडे सुटा एखादा खंडच आहे त्याने त्या यादीची नक्कल करून आत चिकटवून ठेवावी, नाहीतर निम्मा कोश मुका राहतो.

पुळक्याचं मूळ आहे संस्कृत 'पुलक'.

पुलक म्हणजे रोमांच, अंगावर उभा राहणारा काटा. नाट्यशास्त्राने जे आठ सात्त्विक भाव सांगितले, स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय, त्यांतल्या तिसऱ्याचंच हे दुसरं नाव. कीर्तनात 'अष्टसात्त्विक भाव दाटून आले' असं ऐकत आपण मोठे झालो. त्याच पुलकावरून 'पुलकित' आलं, तो शब्द आपण अजून जपून, चांगल्या प्रसंगी वापरतो. आणि त्याच पुलकावरून पुळका आला, जो भावकीत भांडण झालं की बाहेर निघतो. दोन सख्खे भाऊ, एक राजवाड्यात वाढला आणि एक गावकीत, तसे हे दोन शब्द दिसतात.

मूळ कळल्यावर मी कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' काढला. हा 1946 सालचा. ज्याला शब्दाचा नुसता अर्थ हवा त्याने हा घेऊ नये. शब्द कसा झिजला, कोणत्या वाटेने आला याची ज्याला ओढ आहे, त्याच्यासाठी तो आहे. त्याची प्रस्तावना शांतपणे वाचली की नंतर कोश न उघडताही काही गोष्टी आपल्या आपण दिसायला लागतात.

उदाहरणार्थ हा 'ळ'. संस्कृतात दोन स्वरांच्या मध्ये एकटा 'ल' असला की मराठीत त्याचा 'ळ' होतो. फल-फळ, मूल-मूळ, कमल-कमळ, पुलिन-पुळण. पण 'ल' प्राकृतात दुहेरी झाला असेल तर तो मराठीत 'ल'च राहतो: फुल्ल-फूल, भल्ल-भाला. म्हणूनच आपल्याकडे 'काळ' आणि 'काल' वेगळे आहेत. काळ आला तो संस्कृत 'काल'वरून, आणि काल हा 'कल्य'वरून, मध्ये 'कल्ल' होऊन. शाळेत ल आणि ळ यांच्या चुकांवर लाल शाई ओतली जाते, पण त्यामागे एवढी शिस्त आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी त्या चुका केल्याच नसत्या.

पुलकाचा पुळका होताना 'ळ' नियमाने आला. 'क' मात्र नियमाबाहेर राहिला. शेवटचा '-अक' झिजून मराठीत नुसता 'आ' उरतो: घोटक-घोडा, कंटक-काटा. अगदी जोडीचं उदाहरण म्हणजे फलक. त्याचा फळा झाला, 'फळका' नाही झाला. त्या हिशेबाने पुलकाचा 'पुळा' व्हायला हवा होता. तो झाला नाही. यावरून माझा तर्क असा, की हा शब्द नुसता तोंडातोंडी घरंगळत आलेला नसावा. पोथी आणि कीर्तनामुळे मूळ शब्द लोकांच्या कानावर सतत राहिला, म्हणून त्याचा 'क' शाबूत राहिला, आणि बाकीचं रूप मात्र मराठी जिभेने आपल्या वळणावर नेलं. हा तर्क माझा आहे, कोशाच्या माथी मारत नाही.

इथे मला माझी आजी आठवली. वाईजवळ आमच्या घरी गाय होती. संध्याकाळी वासरू सोडायच्या आधी आजी गाईच्या पाठीकडे बघायची. वासराचा आवाज ऐकला की गाईच्या पाठीवरची कातडी एकदम थरथरायची, वाऱ्याने पाण्यावर उठते तशी लहर खांद्यापासून मागे जायची आणि केस उभे राहायचे. आजी म्हणायची, "पुळका आला बघ तिला. सोड आता." त्या वाक्यात जराही बोच नव्हती. आठ-नऊ वर्षांची मी, दाव्याची गाठ सोडत असायची. कोशातला 'पुलक' मी तेव्हा गाईच्या पाठीवर डोळ्यांनी पाहिलेला होता, आणि चाळीस वर्षांनी त्या शब्दाजागी 'लव्ह' लिहून मोकळी झाले, याचं मला फार वाईट वाटलं.

मराठीत प्रेमाचे शब्द असेच अंगातून निघालेले आहेत. पान्हा हा 'प्रस्नव'वरून, म्हणजे पाझरणं. वात्सल्यात 'वत्स' आहे, वासरू. स्नेहात तेलाचा ओशटपणा आहे. इंग्रजीत पुळक्याला शब्द शोधताना उलटं दिसलं. 'फाँड' या शब्दाचा जुना अर्थ खुळा. 'डोट' म्हणजे आधी बुद्धी भ्रमणं, म्हातारपणी होतं तसं. 'इन्फॅच्युएशन'च्या पोटात लॅटिन 'फॅट्यूअस' आहे, मूर्ख. त्या भाषेत जास्तीचं प्रेम डोक्याच्या बिघाडातून निघालं, आपल्याकडे कातडीवरच्या काट्यातून. आपल्याकडेही 'वेडी माया' आहेच, पण आईची वेडी माया म्हणताना आपला आवाज हळवा होतो. पुळका म्हणताना तो चढतो.

तो का चढतो हे मात्र एकही कोश पुरेसं सांगत नाही, आणि माझी या सगळ्या कोशांबद्दल एकच खरी अपेक्षा उरते ती ही. शब्द कोण वापरतं, कुणाबद्दल वापरतं, हेही नोंदवायला हवं होतं. आज 'मला माझ्या मुलीचा पुळका आला' असं कुणी म्हणत नाही. तिची माया येते, आठवण येते, उमाळा येतो. पुळका येतो तो नेहमी दुसऱ्याला, तिसऱ्याचा, आणि म्हणणारा बाजूला उभा असतो. "आत्ताच बरा पुळका आला तुला भावाचा." "सासूबाईंना लेकीचा पुळका." त्या तिघांत जो वाटणीतून सुटला तोच हा शब्द उच्चारतो. प्रेम जास्त झालं की नाही हे प्रेम करणारा मोजत नाही आणि ज्याला मिळालं तोही मोजत नाही. मोजतो तो ज्याच्या ताटात आलं नाही. साताऱ्याच्या त्या थोरल्याची साक्ष मला या ठिकाणी कळली. "आमी काय परके हुतो?" हे पुढचं वाक्य म्हणजे 'पुळका' या शब्दाचाच उरलेला अर्ध होता.

गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो, "वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते." समोर स्वजन उभे आहेत, अंग कापतंय, काटा आलाय. हा शब्दशः पुलक आहे, आणि आप्तांचा आहे. त्यानंतर सतरा अध्याय त्याची समजूत घालावी लागली. पुळका हा शब्द मुळात ज्या अनुभवाचा आहे तो इतका जुना आणि इतका गंभीर आहे, हे लक्षात आल्यावर मला त्या वडलांचीही बाजू दिसली. म्हाताऱ्याच्या अंगावर खरंच काटा येत असेल धाकट्याला पाहून. दस्तात ते 'नैसर्गिक प्रेम' झालं, साक्षीत 'पुळका' झालं. काटा एकच.

बाकीच्या कोशांबद्दल थोडक्यात. श्रीधर गणेश वझे यांचा 1911 चा आर्यभूषण शालेय कोश सुटसुटीत आहे, प्रवासात बरा. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा 1999 चा जुन्या मराठीचा कोश लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी, शिलालेख वाचणाऱ्यांसाठी अत्यावश्यक आहे. माझ्या रोजच्या कामाला तो क्वचित लागतो, पण घेतल्याचा पश्चात्ताप कधी झाला नाही. आणि ज्यांना जागेची किंवा पैशांची अडचण आहे त्यांनी शिकागो विद्यापीठाचं दक्षिण आशियाई कोशांचं संकेतस्थळ जरूर बघावं. मोल्सवर्थ, दाते-कर्वे, वझे, तुळपुळे-फेल्डहाउस सगळे तिथे फुकट उघडतात. खेड्यातल्या विद्यार्थ्याला सात खंडांचा कोश मोबाइलवर मिळतो हे मला अजून चमत्कारासारखं वाटतं. तरी ज्याला शब्दांत मुरायचं आहे त्याने कागदी प्रत जवळ ठेवावी. एक शब्द शोधताना शेजारचे दहा डोळ्यांखालून जातात. पुलिन आणि पुळण मला अशीच भेटली.

जुनी प्रत टपालाने मागवताना मात्र आधी पानं मोजून घ्यायला सांगा. एकदा एका विक्रेत्याने पाठवलेल्या कोशात सोळा पानांचा एक फर्मा दोनदा बांधलेला होता आणि पुढचा नव्हताच. परत घ्यायला त्याने साफ नकार दिला. ती सोळा पानं मी ग्रंथालयातून झेरॉक्स करून आणली आणि आत शिवली.

एकच कोश घ्यायचा असेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: दाते-कर्वे, मिळेल तसा, सुटे खंड मिळाले तरी. भाषांतर करणाऱ्याने त्याच्या जोडीला मोल्सवर्थ ठेवावा. कुलकर्णी तिसरा, पण एकदा घेतला की झोपेचा वेळ खातो.

बाराव्या पानावर शेवटी मी 'पुळका' हा शब्द तसाच रोमन लिपीत ठेवला. पुढे कंसात आंधळी, अनावर माया असा अर्थ देणारे दोन इंग्रजी शब्द लिहिले आणि पानाच्या तळाशी तीन ओळींची टीप दिली: हा शब्द ज्याला प्रेम मिळालं नाही तो दुसऱ्याबद्दल तक्रारीने वापरतो, त्याला नुसतं प्रेम समजू नये. वकिलांनी टीप वाचून एवढंच विचारलं, "हे कुठल्या कोशात आहे?" मी सांगितलं, मूळ दाते-कर्व्यांत आहे, तक्रार तुमच्या अशिलाच्या पुढच्याच वाक्यात आहे. त्यांनी टीप ठेवली.

दाते-कर्व्यांनीच केलेला 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' दोन भागांत आहे, 1942 आणि 1947 चा. पहिला भाग माझ्याकडे आहे, दुसरा अजून मिळालेला नाही. कुणाकडे जास्तीची प्रत असेल, बांधणी सुटलेली असली तरी, मला हवी आहे.